लाल रंगाचे दहा गुण

६ नोव्हेंबर १९७७, दौंड

नवी वही. जुनी आईने बंबात घातली, तिला वाटलं रद्दी. तशी ती रद्दीच होती, म्हणून भांडले नाही.

ताम्हनकर सरांनी अखेर माझा विषय मान्य केला. मान्य केला म्हणजे चष्मा कपाळावर चढवून म्हणाले की ओव्हाळ, विशेषणांची बेरीज होत नसते. मी म्हटलं, सर, करून बघते. त्यांनी माशी हाकलल्यासारखा हात केला आणि सही ठोकली.

विषय लिहून ठेवते, म्हणजे म्हातारपणी मलाही कळेल. माती तपासणारा माणूस पुरुषभर खड्डा खणतो, आत उतरतो आणि एकेका थराबद्दल लिहितो: गडद तपकिरी, किंचित चिकट, ढेकूळ मध्यम कठीण. आमच्या डिपार्टमेंटच्या कपाटात असले 'किंचित' आणि 'मध्यम' वर्षानुवर्षं धूळ खात पडलेत. लग्नाच्या जाहिरातीतल्या 'गोरी, सुस्वभावी'चीच गत. वाचून काही कळत नाही आणि दोघींत डावं-उजवंही करता येत नाही. एका परदेशी मासिकात मी वाचलं की या विशेषणांना गुण देता येतात. तळाची मूळ माती घ्यायची, तिच्यापेक्षा वरचे थर किती बदललेत ते बघायचं. रंग एक पायरी लाल झाला, दहा गुण. चिकटपणा एक पायरी वाढला, दहा गुण. ढेकळावर तुकतुकीत साय धरली, दहा गुण. मग थराच्या जाडीप्रमाणे गुण कमी-जास्त करून सगळी बेरीज केली की जमीन किती मुरलेली आहे, म्हणजे किती जुनी आहे, ते आकड्यात सांगता येतं.

मार्चअखेर प्रबंध दाखल झाला तर डिपार्टमेंटमधली रिसर्च असिस्टंटची जागा माझी. नाही झाला तर बाबांच्या साहेबांनी मला रेल्वेच्या तिकीटखिडकीवर चिकटवायचं कबूल केलंय. जन्मभर जाळीतून 'सुट्टे द्या' म्हणत बसायचं. मला ती जागा हवीय. इतकी हवीय की लिहितानासुद्धा लाज वाटते.

१३ नोव्हेंबर, खुटबाव

नदीच्या तीन पायऱ्या आहेत. नदी पूर्वी उंचावरून वाहायची, मग खाली खाली कापत गेली आणि मागे पायऱ्या सोडून गेली. सगळ्यात खालची इथे, खुटबावच्या शिवारात. मधली कासुर्डीकडे. वरची पार तिकडे शिरूर तालुक्यात. वरची सगळ्यात जुनी, म्हणजे तिला सगळ्यात जास्त गुण पडायला हवेत. पडले तर माझी पद्धत खरी.

सोबतीला सरांनी मच्छिंद्र कोळपे दिलाय. माझ्याच वर्गातला, शिरूरकडचा, धनगराचा. त्याला पानाचं भयंकर व्यसन. बोलतो कमी, थुंकतो जास्त. मला 'ओव्हाळबाई' म्हणतो, जसं काही मी त्याला चौथीत शिकवलंय.

खड्डा खणायला लागलो तशी माणसं जमली. गेल्या वर्षीच्या नसबंदीची धास्ती अजून गेलेली नाही. एका म्हाताऱ्याने कोळपेला बाजूला घेऊन विचारलं की शस्त्रक्रिया खड्ड्यात करणार का. मी बाबांची रेल्वेची खाकी पँट साडीखाली घालून आत उतरले, तेव्हा त्यांची खात्रीच पटली.

कस्तुराबाई म्हणून शेताच्या मालकीणबाई आहेत. आधी कमरेवर हात ठेवून हसल्या, मग स्वतः कळशीभर पाणी घेऊन आल्या. मातीचं काम पाण्यावाचून होत नाही. रंग ओल्या मातीचाच बघायचा, कोरडी माती खोटं बोलते. आणि चिकटपणा बघायचा तर माती मळून तिची शेंगोळी वळावी लागते. वळताना तुटली तर वाळू जास्त, लांब झाली तर चिकण. कस्तुराबाई म्हणाल्या, पोरी, शेंगोळी बरी वळतीस, घरी बी करतीस का? मी खरं सांगितलं, घरी आई करते.

बेरीज अठरा. नदीची कालपरवाची माती, तिला एवढे पुष्कळ.

१८ डिसेंबर, कासुर्डी

मधली पायरी. बेरीज पंचेचाळीस. अठराच्या पुढे पंचेचाळीस! मी खड्ड्यातच नाचले. कोळपे म्हणाला, एस.एस.सी.ची मार्कलिस्ट लागल्यासारखं करताय. मी म्हटलं, तुमच्या मार्कलिस्टला कुणी नाचलं नसेल, म्हणून जळताय.

इथे शेजारच्या वस्तीवरून पाणी, चहा, शिवाय हरभऱ्याचे डहाळे आले. रंगांच्या पुस्तकावर चहाचा थेंब पडता पडता राहिला. हे पुस्तक परदेशी, डिपार्टमेंटमध्ये एकुलतं एक. पानापानावर रंगीत चौकोन असतात, ओलं ढेकूळ शेजारी धरायचं आणि कुठल्या चौकोनाशी जुळतं ते बघायचं. सर ते सोवळ्यात ठेवल्यासारखं ठेवतात. थेंब पडला असता तर मला नोकरी सोडा, पुण्यात राहूही दिलं नसतं.

८ जानेवारी १९७८

वरची पायरी. गावाला मी इथे 'वरचा माळ' म्हणणार, खरं नाव लिहिणार नाही. ते कोळपेच्या मामाचं गाव आहे, आणि कोळपे माझ्या वहीत डोकावतो असा मला संशय आहे.

मामा रखमाजी. भलामोठा तांबडा फेटा. पूर्वी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे, आता विहीर पाडून कांदा करतात. भाचा येणार म्हणून गडी लावून खड्डा आधीच खणून ठेवला होता. माणूस तोंडाने गोड. पाव्हण्या कुठल्या, म्हणाले. मी सांगितलं, दौंडच्या. आडनाव विचारलं. सांगितलं. मामा "बरं बरं" म्हणाले आणि आभाळाकडे बघायला लागले. आभाळात काही नव्हतं. मामी, म्हाळसाबाई, घरातून तांब्या घेऊन येत होत्या, त्या अर्ध्या वाटेवरून वळल्या. चुलीवर दूध उतू गेलं असणार.

मला तहान नव्हतीच.

दुपारी मामा कोळपेला जेवायला घेऊन गेले. मी अवजारांपाशी थांबायचं ठरलं. कुणी ठरवलं ते आठवत नाही, पण बरोबरच होतं, खड्डा उठून पळाला असता तर? माझी भाकरी खाल्ली. आमची पाण्याची छागळ सकाळपासून ठिबकत होती, तिच्यात घोटभर उरलं होतं ते पिऊन टाकलं. मग ऊन जरा डोक्यावर आल्यासारखं झालं. चक्कर नव्हे, नुसतं आल्यासारखं.

कोळपे परत आला तो ओठ लालभडक. मामाने दोन पानं लावून दिली होती म्हणे. माझ्याकडे न बघताच, न सांगता खड्ड्यात उतरला. हा प्राणी आपण होऊन कामाला लागल्याचं मी प्रथमच पाहिलं. म्हणाला, तुम्ही सावलीला बसा, मी ढेकळं भिजवून वर देतो, तुम्ही रंग लावा. डब्याच्या झाकणात एकेक ढेकूळ भिजवून वर येत गेलं, आणि मी पुस्तकाशी जुळवत गेले.

आणि काय सांगू, लाल! कासुर्डीपेक्षा दोन पायऱ्या लाल, आणि तेही थरामागून थर. बेरीज एकशे बारा.

अठरा, पंचेचाळीस, एकशे बारा. मी परतीच्या एस.टी.त शेजारच्या बाईला आकडे सांगितले. तिला वाटलं मी मटका लावते.

११ जानेवारी, दौंड

बाबांना दाखवायला वरच्या माळाच्या पिशवीतलं ढेकूळ काढून बशीत भिजवलं. बाबा रेल्वेत पॉइंट्समन, लाल रंगाला फार मान देतात. पण ते तपकिरीच दिसलं. बाबा म्हणाले, हे लाल असंल तर मी गाडी सोडून देईन. आमच्या घरातला दिवा पंचवीसचा, त्यात टोमॅटोसुद्धा तपकिरी दिसतो. उगाच आई-बाबांचं मन कशाला मोडा, नवा बल्ब आणू म्हटलं.

२० जानेवारी, पुणे

सर खूश! चष्मा कपाळावरून खाली आला, मग वर गेला, पुन्हा खाली आला. अशी सुंदर चढण त्यांनी आयुष्यात पाहिली नाही म्हणे. विशेषणांची बेरीज होते, हे मी सिद्ध केलं म्हणे. दोन महिन्यांपूर्वी तेच उलटं म्हणाले होते, पण मोठ्या माणसांना आठवण करून द्यायची नसते. मार्चमध्ये सेमिनार लावतो, नागपूरचे तज्ज्ञ बोलावतो, त्याआधी एकदा स्वतः येऊन तो लाल खड्डा बघतो, असं ठरलं.

जिन्यावरून उतरताना मी स्वतःशी 'मिस ओव्हाळ, रिसर्च असिस्टंट' असं म्हणून पाहिलं. समोरून शिपाई आला. त्याने ऐकलं.

२ फेब्रुवारी

कोळपेची अक्कलदाढ काढली. गाल एवढा सुजलाय की एका बाजूने तो मामासारखा दिसतो. डॉक्टरांनी पान-सुपारी बंद केलीय. पान नाही तर माणूस अगदी पांढरा पडलाय, सुतकात असल्यासारखा.

५ फेब्रुवारी, वरचा माळ

आज सर आले. निवडणुकीच्या कामाला जीप जाण्याआधी एक दिवस मिळाली. मामांनी सरांसाठी खाट टाकली, खाटेवर घोंगडी, घोंगडीवर चादर. चहाचे तीन कप आले. सर, ड्रायव्हर, कोळपे. सर निवडणुकीवर बोलत होते, त्यांच्या लक्षात आलं नाही. मी आधीच सांगून टाकलं की मला चहाने पित्त होतं. होत नाही.

मग सर म्हणाले, माती भिजवायला पाणी हवं. मामांनी हाक मारली आणि घागर आली. काठोकाठ, चकचकीत घासलेली. मातीसाठी.

जुन्या खड्ड्याच्या कडा ढासळल्या होत्या, म्हणून पलीकडची बाजू तासून ताजी केली. मी स्वतः आत उतरले, घागरीतल्या पाण्याने ढेकळं भिजवली, पुस्तक उघडलं. तपकिरी. दुसरा थर, तपकिरी. तिसरा, फार तर अर्धी पायरी लालसर. सर म्हणाले, ढग आलेत. ढग एकच होता आणि तोही नगरकडे.

बेरीज अठ्ठावन्न. कोळपेची दाढ पडली आणि जमीन हजारो वर्षांनी तरुण झाली.

हे वाक्य मी जीपमध्ये मनातल्या मनात विनोद म्हणून रचलं. आणि न्हावऱ्याच्या फाट्यावर माझं मलाच कळलं की हा विनोद नाही.

६ फेब्रुवारी

कोळपेला स्टेशनावर गाठलं. विचारलं, त्या दिवशी माती कशाने भिजवलीत? घाबरला की त्याची भाषा शिरूरला परत जाते.

"थुकीनं," तो म्हणाला. "पानी न्हवतं."

"मामाचं घर हाकेवर होतं. पाणी आणायचं."

"मामी इचारती, कुणाला पायजे."

"मातीला म्हणायचं."

"म्हनलो आसतो तर कळशी दिली आसती. पन ती तुमच्या म्होरं ठिवायची, आन् तुमी तहानलेल्या. मला ते बघवलं नसतं, ओव्हाळबाई."

मी त्याला खूप बोलले. तुम्ही माझ्या दोन महिन्यांच्या कामाचा पुरता बट्ट्याबोळ केलात म्हणाले, तुमच्या मामाच्या पानाला मी दहा दहा गुण देत बसले म्हणाले. तो खाली मान घालून सुजलेला गाल दाबत उभा. शटल आली, गेली. मला राग नक्की कशाचा आला ते अजून कळत नाही. थुंकीचा नाही. तहानलेल्या, असं तो म्हणाला त्याचा. मी नव्हते तहानलेली.

९ फेब्रुवारी

खोटं कशाला लिहू. होते.

१० फेब्रुवारी, पुणे

मोह किती आहे ते लिहून ठेवते. एकशे बारा हा फार देखणा आकडा आहे. तो ठेवला तर प्रबंध तयार आहे, जागा माझी आहे, सर खूश आहेत. कोळपे जन्मात तोंड उघडणार नाही. अठ्ठावन्न घेतला तर चढण राहते, पण टेकडीची उंबरठ्याएवढी होते. नागपूरचा माणूस म्हणेल, एवढ्याशा फरकावर नवी पद्धत?

दिवसभर एकशे बारा ठेवला. संध्याकाळी खोडला. थुंकीचं वय मोजून नोकरी मिळवली असं उद्या माझ्याच मनात आलं, तर तिकीटखिडकी बरी.

१४ फेब्रुवारी

सरांना सगळं सांगितलं. आधी त्यांना पान हा शब्द ऐकूनच त्रास झाला. मग म्हणाले, दोन्ही आकडे दे, आणि चुकीच्या कारणात लिही: क्षेत्रात पाणी उपलब्ध नसल्यामुळे. मी म्हटलं, सर, पाणी हाकेच्या अंतरावर होतं. आम्हाला मिळालं नसतं, म्हणून मागितलं नाही. तसं लिहिते.

सर बराच वेळ टेबलावरची टाचणी या डबीतून त्या डबीत टाकत बसले. मग म्हणाले की ओव्हाळ, तुझा मुद्दा सामाजिक आहे, आपला विषय मृदाशास्त्र. मी म्हटलं, एकशे बारामधले चौपन्न गुण सामाजिक आहेत, ते कुठल्या शास्त्रात टाकू? माझ्या जिभेला हाड नाही, आई म्हणते ते खरं.

सर वाईट माणूस नाहीत. पण 'उपलब्ध नसल्यामुळे'शिवाय सही करणार नाहीत, आणि सहीशिवाय प्रबंध दाखल होणार नाही.

१० मार्च, पुणे

सेमिनार. नागपूरचे तज्ज्ञ म्हणजे एक बारकेसे, सफारी घातलेले गृहस्थ, सारखे आवळासुपारी चघळणारे. त्यांच्या तोंडाकडे बघून मला धडकीच भरली. मी तीन पायऱ्या मांडल्या. अठरा, पंचेचाळीस, अठ्ठावन्न. मग एकशे बाराची कथा सांगितली, सरांकडे न बघता. पाणी मिळालं नसतं, हेही सांगितलं. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं, मग कुणीच हसलं नाही. कोळपे दाराशी उभा होता, तो बाहेर गेला.

तज्ज्ञांनी पद्धत बरी आहे म्हटलं. अठ्ठावन्नवर समाधानी दिसले. मग विचारलं:

"पाणी मिळालं नसतं म्हणता. तुम्ही मागितलं होतं का?"

मी म्हटलं, नाही.

"मग ही नोंद नाही. हा अंदाज आहे."

मला त्या क्षणी त्यांची सुपारी घशात अडकावी असं वाटलं. मागून कळायचं असतं का सगळं? आजोबांनी मागितलं, पणजोबांनी मागितलं, आता मीही रीतसर मागून बघू, म्हणजे यांच्या रकान्यात बसेल? हॉस्टेलवर येऊन उशीला गुद्दे मारले. आणि मग, माझं दुर्दैव, मला पटलं. 'उपलब्ध नव्हतं' हे सरांनी न बघता लिहायला सांगितलं, आणि 'मिळालं नसतं' हे मी न बघता लिहिते आहे.

१२ मार्च

जीप नाही, कोळपे नाही. न्हावऱ्याच्या एस.टी.ने एकटी गेले. जाताना गुणांची पट्टी करून घेतली, सवय लागलीय. पाणी दिलंच नाही तर शून्य. लांबून, वरून ओंजळीत ओतलं तर एक. बाहेर ठेवलेल्या वेगळ्या भांड्यातून दिलं तर दोन. घरातला तांब्या हातात दिला तर तीन. पट्टी बरी झाली होती. 

मामा मळ्यात होते. म्हाळसामामी अंगणात ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी मला ओळखलं. सूप थांबलं.

"मामी, पाणी द्या," मी म्हटलं. "मला प्यायला."

त्यांनी मळ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग उठल्या आणि आत गेल्या. मला वाटलं गेल्या त्या गेल्याच. त्या तांब्या घेऊन आल्या. घरातला, पितळी. एक पाऊल अंतरावर थांबल्या, आणि मग ते पाऊलही टाकलं, आणि माझ्या हातात दिला.

मी घटाघट प्यायले. अर्धा अंगावर सांडला. मला रडू आलं आणि त्या रडण्याचा इतका संताप आला की अजून गटगट प्यायले, म्हणजे दिसू नये.

मामी म्हणाल्या, "त्या दिशी का न्हाई मागितलंस?"

"तुम्ही का नाही दिलंत?"

 कोंबडी ज्वारीत शिरली, तिला मामींनी हाकललं. तांब्या परत देताना बोटांना बोटं लागली. मी "येते" म्हटलं, त्यांनी मान हलवली.

कुंपणापाशी आले तेव्हा मागे राखेचा खरखर आवाज यायला लागला. तांब्या घासत होत्या. चांगला जोर लावून, बराच वेळ. राखेने भांडी आईही घासते. कासुर्डीच्या बायाही घासत असतील. पण प्यायल्याबरोबर लगेच? मी वळून बघितलं नाही. वळून बघणं हे निरीक्षकाचं काम होतं आणि मी ते केलं नाही.

एस.टी.त तीन लिहिले, खोडले, दोन लिहिले, खोडले.

१८ मार्च, पुणे

कोळपे तीन दिवस तोंड चुकवत होता. आज डिपार्टमेंटच्या नळावर भेटला. मामी निरोप पाठवते आहे म्हणाला, की त्या पोरीला म्हणावं परत आली तर जेवून जा. खरं का, मी विचारलं. निरोप खरा, म्हणाला, जेवण कुठं वाढतील ते मला सांगता येणार नाही. या माणसाने पहिल्यांदाच अंदाज आणि नोंद यात फरक केला. मी त्याला माफ केलंय की नाही हे अजून ठरवायचंय.

२७ मार्च, पुणे

सरांपुढे प्रबंधाचं पान ठेवलं. चुकीच्या कारणात एवढंच लिहिलं होतं: 'पाणी हाकेच्या अंतरावर होते. ते मागितले गेले नाही आणि दिले गेले नाही. म्हणून माती पान खाल्लेल्या थुंकीने भिजवली गेली.' सरांनी वाचलं. पेन्सिल उचलली. 'दिले गेले नाही'वर टेकवली. मला वाटलं गेलं. मी मनात 'सुट्टे द्या' म्हणून बघितलं.

सर म्हणाले, "त्या दिवशी जीप घेऊन गेलो तेव्हा चहा किती कप आला होता?"

"तीन, सर."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि पेनने सही केली. कागद माझ्याकडे सरकवताना माझ्याकडे बघितलं नाही.

३१ मार्च, दौंड

प्रबंध दाखल. जागेचं पत्र जूनमध्ये येईल, सर म्हणाले येईलच.

बाबांनी स्टेशनावरून भेळ आणली. पुरी मी खाल्ली, मिरच्या बाबांनी. मी फुशारकीत सगळं सांगितलं, खड्डे, आकडे, नागपूरची सुपारी, म्हाळसामामींचा तांब्या. राखेचा आवाजही सांगितला. पट्टीही वाचून दाखवली. शून्य म्हणजे काय, एक म्हणजे काय, दोन, तीन. बाबा म्हणाले, पोरीने डोकं चालवलंय. आई भाकरी थापत होती. तिला अक्षर येत नाही, पण आकडे येतात, बाजाराचे.

"आन् शून्याच्या खालती काय ठिवलंस?" तिने विचारलं.

मी म्हटलं, शून्याच्या खाली काही नाही. पाणी दिलंच नाही, म्हणजे शून्य. त्याहून कमी काय असणार?

 आईने तव्यावरची भाकरी उलटली. बाबांनी रेडिओ लावायला घेतला आणि मग लावला नाही, नुसतं बटण धरून बसले. मला एकदम कळलं की शून्याच्या खालची ही गोष्ट, पाणी मागितलं म्हणून आमच्या माणसांना काय सोसावं लागलं ती, आमच्या घरात कुणी मला कधी सांगितलेली नाही, आणि मी कधी विचारलेली नाही.

मी ही वही काढली. पट्टीच्या खाली जागा होती. म्हटलं, सांग.

आईने हाताचं पीठ झटकलं, पदर खोचला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली.

"लिव्ह मग," ती म्हणाली.